लाजेची सनावळी

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माणसांची रीघ लागते. लेणी पाहून, धबधब्यात भिजून खाली आलेली मुंबई-पुण्याची मंडळी दारात उभी राहून विचारतात, नाचणीची भाकरी मिळेल का, रानभाजी कुठली आहे, चुलीवरच करता ना? या बाजूच्या बऱ्याच घरांवर आता 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपल्यावर मीही ती लावली. आलेल्यांना वाढताना एक गोष्ट माझ्या मनात सारखी घोळते. जी भाकरी हे लोक मागून खातात, ती माझ्या आईनं जन्मभर लपवली.

आईचं लपवणं साधं होतं. ओटीवर तलाठी, मास्तर किंवा मुंबईचा नातेवाईक आला की लाल भाताचं तपेलं मागच्या पडवीत जायचं आणि पाहुण्यासाठी राखून ठेवलेले पांढरे तांदूळ निघायचे. टाकळ्याच्या भाजीवर झाकण पडायचं, बटाटा चिरला जायचा. नाचणीचं नाव निघालंच तर ती म्हणायची, "ती आमची हाय, तुमच्यासाठी नाय." चिखलात लावणी करताना, डोक्यावरून मोळी आणताना ही बाई कधी लाजली नाही. फक्त स्वतःच्या चुलीवर शिजलेल्या अन्नाचं नाव घेताना तिचा आवाज खाली यायचा. आजीचं तसं नव्हतं. आजी कुणालाही, कलेक्टर आला असता तरी त्यालाही, समोर असेल ते वाढणारी होती. म्हणजे ही लाज मधेच कधीतरी आमच्या घरात शिरली. जी गोष्ट मधेच येते तिची सनावळी मांडता येते, असं मी वर्गात इतिहास शिकवताना सांगायचे. ही सनावळीही मी तशीच जुळवत आले आहे.

कोंडाण्याची सगळ्यात जुनी तारीख लेण्यांची. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं चैत्यगृह, लाकडी बांधकामाची नक्कल करणारी दगडी कमान, बाजूला विहार. दर्शनी भागात भंगलेल्या यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं अशा अर्थाची. पाहुणे त्या ओळीपुढे फोटो काढतात. मला तिथे भिक्षापात्र आठवतं. पात्रात पडेल ते भिक्खूनं घ्यायचं, हे बरं आणि ते नको असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. पावसाचे महिने हिंडायचं नाही, एके ठिकाणी राहून वर्षावास करायचा, हा दुसरा. आमच्या उल्हास नदीच्या खोऱ्यात भाजी रानातून आपोआप वर येते तेच हे महिने. त्या पहिल्या नियमाचा विचार आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनं करतो; मला तो वाढणाऱ्या बाईच्या बाजूनंही मोठा वाटतो. तिला आपल्या अन्नाबद्दल माफी मागावी लागत नव्हती.

तिथून एकदम 1882 वर यावं लागतं. त्या साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर छापून निघालं. आमचा कर्जत तालुका तेव्हा ठाण्यातच होता. त्यात जातीजमातींची ओळख करून देताना त्यांच्या ताटाचीही नोंद आहे: कोण तांदूळ खातो, कोणाचं नाचणी-वरीवर भागतं, कातकरी कशाचं मांस खातात. अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय आपल्याकडे इंग्रजांनी आणली नाही, ती जुनीच. पण ती आता छापील झाली, सरकारी झाली. पुढे 1934 मध्ये वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक आलं, 1960 मध्ये ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं. ही अभ्यासाची पुस्तकं आहेत, त्यांनी पुष्कळ जपून ठेवलं. तरीही आपलं रोजचं जेवण दुसऱ्याच्या कुतूहलाचा विषय झालेलं पाहणं हा वेगळाच अनुभव आहे.

गॅझेटिअरपेक्षा खोल घाव घातला तो 1878 च्या वन कायद्यानं. तो समजायला राब समजायला हवा. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी, उन्हाळ्यात, वाफ्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वर बारीक माती घालतात आणि पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेचं खत मिळतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला शेतकरी पिढ्यान् पिढ्या रानातला टहाळ तोडून असा राब भाजत आला. राखीव जंगल झाल्यावर टहाळ तोडणं गुन्ह्यात गेलं. गावोगाव इतका असंतोष पसरला की सरकारला 1885 मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला.

राबाचा निदान असा गवगवा झाला. डोंगरउतारावरच्या दळीची दखल घेणारं फारसं कुणी नव्हतं. दळी म्हणजे उतारावर झाडोरा साफ करून, जाळून केलेली फिरती शेती. नाचणी आणि वरी तिथलीच. ठाकर-कातकऱ्यांचं वर्षाचं धान्य दळीवर यायचं. कातकऱ्यांचा दुसरा आधार काताचा होता. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून काढलेला कात विकून ते मीठ-मिरची घ्यायचे. दळी आक्रसली, खैर सरकारचा झाला आणि माणसं ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेली. आजही कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. भट्टीवर चूल पेटते, पण तिच्यावर शिजतं ते विकत आणलेलं.

इथे मला सनावळीचा पहिला खरा सांधा सापडतो. लाजेच्या आधी भीती आली. कंद खणून आणायचा तर गार्ड पाहील, सरपण आणायचं तर वाट बदलायची. जे अन्न हक्काचं होतं ते चोरून आणल्यासारखं झालं. चोरून आणलेलं माणूस झाकून ठेवतो. दोन पिढ्यांनी गार्डचा धाक विसरला जातो, पण झाकायची सवय हातात राहते. आईच्या हातातलं झाकण मला तिथपर्यंत मागे जाताना दिसतं.

पदार्थात कमीपणा नव्हता, याला माझ्याकडे भक्कम पुरावा आहे, तो शेवळाचा. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून शेवळं वर येतात. वरचा जांभळट कोंब सोलायचा, आतला खाजरा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, आणि सोबत काकडं घालायची. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आवळ्याएवढी आंबट फळं. ती नसली तर चिंच. आंबट घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, आणि रानाची व्यवस्था अशी की शेवळं निघतात त्याच वेळी काकडं झाडाला लागलेली असतात. ठाकरणी शेवळांच्या जुड्या आणि काकडांचे वाटे एकत्रच विकायला बसतात. आमच्या घरी शेवळं सुक्या जवळ्यात व्हायची, कधी नुसत्या कांद्यावर. हीच शेवळं कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत हंगामातलं पक्वान्न मानतात. सोडे, खिमा, नारळाचं दूध घालून करतात, ओळखीपाळखीत वाटतात, त्यासाठी कर्जत, बदलापूर, कल्याणच्या बाजारात घासाघीस करून जुड्या घेतात. भाजी एकच, तिला मातीतून उपटणारा हातही एकच. एका घरात तिची आठवण सांगतात, दुसऱ्या घरात तीच झाकतात. मग लाज भाजीत कशी असेल? ती नाइलाजानं खाणं आणि हौसेनं खाणं यांच्या मधल्या जागेत होती. आईला ही गोष्ट कुणी समजावून सांगितली असती तर, असं मला फार वेळा वाटतं. तिला वाटायचं की आपण खातो ती वस्तूच हलकी आहे.

मग रेल्वे. 1856 मध्ये गाडी कल्याणहून खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये बोरघाट चढून पुण्याला लागली. घाट चढायला मागे जादा इंजिनं जोडावी लागतात म्हणून गाडी कर्जतला थांबते, आणि त्या थांब्यावर कर्जतचा वडा मोठा झाला. स्टेशनानं आमच्या भागाला पैसा दिला, नोकऱ्या दिल्या, मुंबई जवळ आणली. जवळ आलेल्या मुंबईनं मापही दिलं. चहा, पाव, गव्हाची चपाती, पांढराशुभ्र भात हे माप. उखळात कांडलेला तांबूस तांदूळ गिरणीच्या तांदळाशेजारी ठेवला की मळका दिसायचा. राता, पटणी, कोळंबा अशी नावं आजीच्या तोंडी असायची. कुठलं हळवं, कुठलं गरवं, कुठलं पेजेला, कुठलं भाकरीला हे तिला पाठ होतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून पुढे कर्जत 3, कर्जत 7 असे वाण निघाले, त्यांनी शेतकऱ्याचं पोतं भरलं. त्या कामाबद्दल मला आदरच आहे, कारण रिकाम्या कणगीची लाज सगळ्यात वाईट असते. पण पोतं भरलं तेव्हा नावं कमी झाली, आणि ज्याला नाव उरत नाही ते 'गावठी' या एका शब्दात बसवलं जातं.

रिकाम्या कणगीबद्दल लिहायचं तर भाई कोतवालांचं नाव घ्यावंच लागेल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1912, माथेरानच्या नाभिक कुटुंबातला मुलगा, शिकून वकील झाला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. दरवर्षी हुतात्मा दिनी त्यांनी विजेचे मनोरे पाडल्याची कथा सांगतात, ती सांगावीच. पण त्यांनी कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, हे मी वर्गात आधी सांगायचे. पावसाळ्यात कणगी तळाला लागली की सावकाराकडून धान्य उचलायचं आणि सुगीला दीडपट-दुप्पट घालायचं, ही या भागाची रीत होती. कोठीनं ते देणं आपसातलं केलं. पुढे 1980 च्या दशकात काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं ठाकरवाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या, भाताची जुनी वाणंही जपली. या कामाकडे भूक भागवण्याचं काम म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सावकाराच्या ओसरीवर हात पसरून आणलेलं धान्य शिजवताना बाईची मान खाली जाते. वाडीच्या कोठीतलं शिजवताना जात नाही.

1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, परदेशातली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची. आई ती करताना रागानं थापायची, पण लपवायची नाही, आणि याचं मला तेव्हा कोडं पडलं होतं. आता वाटतं, ती रेशनची होती म्हणून सगळ्यांच्याच घरात होती. सगळ्यांच्या घरात असलेल्या गोष्टीची लाज वाटत नाही. पुढे रेशनवर तांदूळ आणि गहू कायमचे झाले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो ठरलं. कागदावर भरड धान्य होतं, आमच्या दुकानात तांदूळ-गहूच यायचे. मग डोंगरावर नाचणी लावायला कोण जाईल? रोप टाकायचं, उपटून पुन्हा लावायचं, रानडुकरांपासून राखायचं, कणसं खुडायची, मळायची. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ती वाटीभर पेजेपुरती टिकवली.

शाळेत मी हेच दुसऱ्या बाजूनं पाहिलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं फडक्यात भाकरी आणायची. शेतकऱ्याची मुलं मधे गोल करून बसायची आणि ठाकर-कातकऱ्यांची भिंतीकडे तोंड करून खायची. कुणी हाकललेलं नसायचं. ती स्वतःच तोंड फिरवायची. 1995 पासून मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळू लागला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली. सगळी पोरं एका ओळीत बसून एकच खिचडी खाऊ लागली, भिंतीकडे वळलेली तोंडं समोर आली. शिक्षिका म्हणून माझ्या आयुष्यातला तो फार मोठा आनंद आहे आणि त्या खिचडीविरुद्ध मी एक शब्दही ऐकून घेत नाही. मात्र फडक्यातली भाकरी वर्गातून गेली ती गेलीच. तिला वर्गात ताठ मानेनं यायची संधी मिळण्याआधीच तिची गरज संपली.

छापील पाककृतींनीही आपलं काम केलं. मराठीत 1875 सालीच 'सूपशास्त्र' निघालं होतं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि लेकीच्या रुखवतात जाऊ लागलं. माझ्याही लग्नात ते आलं. त्यातून मी पुष्कळ शिकले, वाटी-चमच्यानं नेमकं मोजायला तर त्यातूनच शिकले. पण आपल्या चुलीवरचं पुस्तकात शोधायचंच नाही, हे आम्ही धरून चाललो होतो. पुस्तकात असतो तो स्वयंपाक आणि आपण करतो ते पोट भरणं, अशी वाटणी आम्हीच मनात केली होती. ती वाटणी मोडायला मला शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' उपयोगी पडलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं ताट त्यांनी, काही न झाकता, मसाल्यासकट आणि मांसाच्या वाट्यांसकट पुस्तकात मांडलं. माझं ताट वेगळं, प्रदेश वेगळा, आणि जे त्या घरांनी सोसलं ते माझ्या घरानं सोसलेलं नाही. तरी एक माणूस आपल्या घरचं अन्न नावानिशी सांगतो तेव्हा वाचणाऱ्याला स्वतःची वही काढावीशी वाटते. मी काढली. आजीच्या भातांची नावं, कुर्डू कधी खुडायची, भारंगीची फुलं किती पाण्यांतून पिळायची, वलगणीचे मासे पहिल्या पुराला ओढ्यात चढतात तेव्हा कुठल्या बांधाशी उभं राहायचं, पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांखाली भांबुर्ड्याचा पाला किती हवा, हे सगळं तिच्यात आहे.

आता दिवस पालटले आहेत. ऑगस्टमध्ये कृषी खातं रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नाचणीचे लाडू, नाचणीची बिस्किटं कर्जतच्या दुकानांत आली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे माझ्याकडे येणारी मुलं मला सांगतात. खरं आहे ते, आणि नाचणी पिकवणाऱ्याला दोन पैसे मिळणार असतील तर मी रोज सांगेन. पण आजी नाचणी खायची तेव्हा तिला कॅल्शियमचा दाखला लागत नव्हता. आईला पांढऱ्या भाताचा दाखला हवा होता, आम्हाला प्रयोगशाळेचा हवा आहे. दाखला बदलला, मागायची सवय तीच राहिली. उद्या कुणी म्हणालं की टाकळ्यात विशेष काही नाही, तर आपण पुन्हा झाकण ठेवणार का?

याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा शेजारच्या वाडीतल्या एका ठाकर बाईकडून मिळालं. गर्दीच्या दिवसांत ती माझ्याकडे मदतीला येते. पाऊस सरला की ती एक दिवस कडूकंद आणते. कडूकंद ही आमच्या भागातली टंचाईची शेवटची पायरी, धान्य संपल्यावर माणसं ज्याच्यावर जगली ते अन्न. तो तसाच खाल्ला तर घशाखाली उतरत नाही, बाधतोही. साल काढून पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, टोपलीत भरून टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी चाखायचं, कडवटपणा उरला असेल तर पुन्हा पाण्यात. मग मीठ लावून खायच्या. इतकं करूनही तळाशी थोडा कडू राहतोच, आणि तो राहायलाच हवा असं तिचं म्हणणं.

तिच्या घरी रेशनचा तांदूळ आहे, मुलगा खोपोलीच्या कारखान्यात आहे. मी तिला विचारलं, आता कशाला एवढा खटाटोप? ती म्हणाली, "बाई, तवा भूक व्हती म्हून खाल्ला. आता मला आवडतो." एवढंच. त्यात पूर्वजांचा गौरव नव्हता, औषधी गुणांची यादी नव्हती, तक्रारही नव्हती. उपाशी दिवसांची ती आठवण तिनं टाकून दिली नव्हती आणि मिरवतही नव्हती. ओढ्यावरून आणल्यावर धुऊन, मीठ लावून ती खात होती.

गेल्या हंगामात ओसरीवर पाहुणे जेवत होते तेव्हा तिनं त्यांच्यापुढे चकत्यांची बशी ठेवली. एका मुलीनं चाखून तोंड वाकडं केलं आणि लगेच ओशाळून म्हणाली, "छान आहे, पण मला सवय नाही." माझ्या आईनं अशा वेळी बशी उचलून आत नेली असती आणि दिवसभर स्वतःला बोल लावला असता. ही बाई हसली. "नको तर ऱ्हाऊ दे, कडूच असतो तो," म्हणाली, बशी आपल्याकडे ओढली, एक चकती तोंडात टाकली आणि त्या मुलीला विचारलं, भात वाढू का.